दातांच्या कळ्या

१५ सप्टेंबर, रविवार

आमच्या मध्य प्रदेशात अंगणवाडीची सगळी रजिस्टरं हिंदीत भरावी लागतात, म्हणून ही वही मराठीत लिहायची ठरवली. कुणाला दाखवायची नाही.

चौथा महिना लागला. भूपेंद्रला आणि सासूबाईंना माहीत आहे, बाकी सौंसरात कुणाला सांगितलं नाही. मयूरच्या वेळी मी तिसऱ्याच महिन्यात माहेरी, पांढुर्ण्याला, गल्लीभर पेढे वाटले होते. तो नऊ महिन्यांचा होऊन मागच्या वर्षी मे महिन्यात गेला. चार दिवस ताप. अंग नुसतं भाजायचं, आणि कोरडं. दवाखान्यात सलाईन लावलं, औषधं बदलली, रक्तात काहीच सापडलं नाही. त्याला अजून एकही दात आला नव्हता. मी रोज त्याच्या हिरड्यांवरून बोट फिरवून पाहायची.

आज सकाळी सहाच्या बसने शालिकराम मामा आला. माझ्या आईचा भाऊ, मोहगावला त्याचा संत्र्याचा बगीचा आहे. तो कायम असा उजाडतानाच येतो आणि ऊन चढायच्या आत परत निघतो, लग्नाला आला तरी. डोक्यावर ओला दुपट्टा. तोंडात दोनच दात, तेही खिळ्यासारखे टोकदार. डोक्यावर केस म्हणजे नुसती लव. आल्या आल्या ओट्यावर बसून त्याने तांब्याभर पाणी स्वतःच्या सदऱ्यावर ओतून घेतलं. शेजारच्या बाया पाहून हसत होत्या. सासूबाई आतून म्हणाल्या, "तुहा मामा असा काहून करते वं?" मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

जाताना मामा म्हणाला, "पोरी, उन्हाळ्यात लेकराले जपजो. आंग तापलं का पाण्यात बसवजो." मयूर तापात होता तेव्हाही दारात उभा राहून हा हेच म्हणत होता. एकशे चार ताप आणि म्हणे पाण्यात बसवा! तेव्हा भूपेंद्रने त्याला हात धरून बाहेर नेलं होतं. मामा मनाचा चांगला आहे, पण कुठे काय बोलावं ते त्याला कळत नाही.

९ ऑक्टोबर

इथल्या डॉक्टरीणबाईंकडे तपासणी झाली. त्यांनी मयूरबद्दल सगळं विचारून घेतलं आणि मग एक भलताच प्रश्न: "त्याला घाम यायचा का?"

मी आठवत राहिले. दूध पिताना लेकरांचं कपाळ ओलं होतं, अंगणवाडीत रोज पाहते. मयूरचं कपाळ मी कधी पुसलं का? आठवेना. नऊ महिने मांडीवर घेतलेलं लेकरू, आणि हे आठवेना.

त्यांनी नागपूरच्या डॉक्टर करुणांच्या नावाने चिठ्ठी दिली. त्या पोटातल्या बाळांचीच सोनोग्राफी करतात, पिढीजात आजार शोधतात. भूपेंद्र म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीसाठी नागपूर?" मग स्वतःच रजा टाकली. बोरगावच्या कारखान्यात दिवाळीआधी रजा मिळत नाही. कशी मिळवली ते सांगितलं नाही.

२४ ऑक्टोबर

आजचं लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

डॉक्टर करुणांनी पोटाला हात लावायच्या आधी म्हटलं, "तोंड उघडा." छोट्या बॅटरीने पाहिलं. "वरचे हे दोन दात बसवलेले आहेत ना?"

भूपेंद्र शेजारच्या खुर्चीवर होते. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. मला ते दोन दात मुळात आलेच नव्हते, आणि तिसरा सुळ्यासारखा होता तो घासून घेतला होता. लग्न ठरायच्या आधी आईने पांढुर्ण्यात सगळं करून घेतलं आणि बजावलं, सासरी बोलायचं नाही. मी मान हलवली. भूपेंद्र भिंतीवरच्या पाटीकडे पाहू लागले. येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. ती पाटी त्यांनी चार वेळा तरी वाचली असेल.

मग माझ्या पाठीला कसलीशी भुकटी लावली आणि पंखा बंद केलेल्या खोलीत बसवलं. घाम लागला की ती भुकटी जांभळी होते. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी भूपेंद्रला पाठीचा फोटो काढायला सांगितला आणि तो मला दाखवला.

माझ्या पाठीवर पट्टे होते. मणक्यापासून दोन्ही अंगांना वळत गेलेले, नांगराच्या तासांसारखे, एक जांभळा, एक कोरा, एक जांभळा, एक कोरा. कुणीतरी हाताने आखावे इतके रेखीव. सत्तावीस वर्षं ही पाठ घेऊन वावरते आहे आणि मला माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, "जन्माआधी तुमची कातडी तयार होताना पेशी जशा पसरत गेल्या, त्याचा हा नकाशा आहे. जांभळ्या जागी घामाच्या ग्रंथी झाल्या, कोऱ्या जागी नाही. तुमच्यात दोन्ही आहेत म्हणून निभावलं. एखाद्या बाळाच्या वाट्याला फक्त कोऱ्या जागाच आल्या, तर घाम नाही, दात नाहीत, केस विरळ. अंगातल्या उष्णतेला बाहेर पडायला वाटच नाही."

मी मयूरचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, "तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही. पण बहुतेक तेच. त्याला आतून ताप नसावा. तो उन्हाने तापला असावा."

घरात आणखी कुणी असं आहे का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

बस सावनेरच्या पुढे आली आणि मी इतक्या मोठ्याने "मामा!" म्हणाले की पुढच्या सीटवरची बाई वळून पाहू लागली. भूपेंद्र नागपूर सोडल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. तेव्हा बोलले. "मी त्याले हात धरून बाहेर काढलं होतं," एवढंच.

२७ ऑक्टोबर, मोहगाव

आम्ही दोघं सकाळीच आलो. भूपेंद्र मामाच्या पाया पडले. मामा एवढा गडबडला की हातातला पाण्याचा पाइप तसाच आमच्यावर आला.

मी त्याला पाठीचा फोटो दाखवला, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तो बराच वेळ फोटो पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे याले नाव आहे?" अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. त्याला वाटत होतं की असा तो एकटाच आहे.

मग आजीची गोष्ट सांगितली. मी ती कधी ऐकली नव्हती, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

"माह्याआधी मायची दोन पोरं अशीच तापून गेली. तिसरा मी. माय मले रांजणात बसवे, गळ्यापर्यंत. वावरात निंदाले जाये, तं धुऱ्यावर, वावराच्या काठाले, झाडाखाली रांजण गाडून ठेवला होता. मी त्याच्यात बसून तिले पाहत राहो."

"तिला कोणी शिकवलं हे?"

"कोन शिकवन? मडकं पाझरते तवा पानी थंडं होते. पितळेचं भांडं पाझरत नाही तं पानी गरम राहते. मायनं ते पाह्यलं. म्हने, माह्या लेकराले पाझरता येत नाही, तं मी वरून भिजवतो."

आजीला सहीसुद्धा येत नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून मला जे समजावलं, ते तिने पाणवठ्यावरच्या मडक्याकडे पाहून ओळखलं होतं.

८ नोव्हेंबर

तीन दिवसांपूर्वी रक्ताचा रिपोर्ट आला. दोष माझ्यात आहे, आईकडून, तिच्यात आजीकडून. या बाळात उतरायची शक्यता दोनात एक. पोटात सुई घालून पाणी काढलं तर पक्कं कळेल, पण त्यात गर्भाला थोडा धोका. मी म्हटलं सुई नको. डॉक्टर म्हणाल्या, "ठीक. बाविसाव्या आठवड्यानंतर या. आपण दात मोजू." मला वाटलं माझेच.

घरात काहीतरी बिघडलं आहे. भूपेंद्रने रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा सासूबाईंनी फक्त एक विचारलं, "म्हंजे मयूरले थंडं ठेवाले पायजे होतं?" भूपेंद्र हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीतून आले तर घरातल्या चारही गोधड्या गायब. बाहेरच्या मजुरांना देऊन टाकल्या म्हणे. थंडी तोंडावर! "जुन्या झाल्या होत्या," म्हणाल्या. लाल काठाची तर अगदी नवी होती, त्यांनीच शिवलेली. शेवटच्या दिवशी मयूरला त्याच गोधडीत गुंडाळून त्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या, घाम फुटला की ताप उतरेल म्हणून.

माझ्याशी दोन दिवस धड बोलल्या नाहीत, जेवल्याही नाहीत. दातांचं लपवलं त्याचा राग असणार.

२० नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं, "मुलगा की मुलगी ते विचारू नका, मी सांगणार नाही, कायदा सांगू देत नाही. दात तेवढे विचारा." भूपेंद्र म्हणाले, "पोटातल्या लेकराले दात कुठले?" त्यांनी दुसऱ्या कुणा बाळाचं जुनं चित्र काढून दाखवलं, नाव झाकून. जबड्याची कमान, बांगडीच्या अर्ध्या तुकड्यासारखी, आणि तिच्यात ओळीने काळे गोल ठिपके. तिळाएवढे. वरच्या कमानीत दहा, खालच्या कमानीत दहा. "ह्या दुधाच्या दातांच्या कळ्या. सगळ्या आधीच आपापल्या जागी असतात."

जन्माला अजून चार महिने. पहिला दात दिसायला त्यापुढे सहा-सात. आणि हिरडीच्या आत अंधारात वीसच्या वीस रांगेत बसलेले! मी अंगणवाडीत पन्नास लेकरांची तोंडं रोज पाहते, पहिला दात आला की आया मला दाखवायला आणतात. मला वाटायचं दात तेव्हा येतात. ते तर कधीचेच येऊन थांबलेले असतात.

मग माझं पोट. बाळ तोंड फिरवून बसलेलं. मला या कुशीवर, त्या कुशीवर केलं, खोलीबाहेर फेऱ्या मारायला लावल्या, गोड रस प्यायला दिला. अर्ध्या तासाने ते वळलं. पडद्यावर आधी नुसता राखाडी धूर होता, मग त्यातून एक हनुवटी आली. मग ओठ. मग डॉक्टरांनी बटण फिरवलं आणि ओठांच्या आतली ती कमान समोर आली.

"एक," डॉक्टर म्हणाल्या. यंत्राचा टक् आवाज झाला.

"दोन."

त्यानंतर किती तरी वेळ आवाज नाही. त्या कमानीवरून पुन्हा पुन्हा जात राहिल्या. मला दिसत होतं ना, कमान कोरीच होती. खालच्या जबड्यात एक. भूपेंद्रचे ओठ हलत होते, ते पुढचा आकडा म्हणायला थांबले होते, आणि तो आलाच नाही.

"तीन," डॉक्टर म्हणाल्या. "मी दोनदा मोजलं. बाळाला हा आजार आहे."

त्याच वेळी बाळाने जांभई दिली. एवढंसं तोंड, पूर्ण उघडलं, जीभ हलली, मिटलं. आपल्याबद्दल इथे काय ठरलं याचा त्याला पत्ताच नाही. मी रडत होते आणि हसूही येत होतं. मयूर अशीच जांभई द्यायचा. त्याला जन्माला घालूनही मी त्याच्याबद्दल जे ओळखलं नाही, ते याचं जन्माआधी मला दिसलं होतं, ओठांच्या आत जाऊन. माणसाला एवढं पाहायला मिळावं? मला भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. खोलीत असताना फक्त पाहत राहावंसं वाटत होतं.

२३ नोव्हेंबर

भीती आता वाटते आहे.

डॉक्टरांनी सगळं सरळ सांगितलं होतं. चोवीस आठवड्यांच्या आत कायद्याने गर्भ काढता येतो, निर्णय आमचा, त्या कोणत्याच बाजूने बोलणार नाहीत. बाळ बुद्धीने, हातापायाने इतरांसारखंच असेल. दात पुढे बसवता येतात. पहिले दोन-तीन उन्हाळे सांभाळायचे, तेच धोक्याचे. परदेशात अशा बाळांना गर्भातल्या पाण्यातच औषध देऊन पाहत आहेत, घामाच्या ग्रंथी तयार व्हाव्या म्हणून. ते अजून चाचणीत आहे, आमच्या हाताशी नाही. ते ऐकूनही मी थक्क झाले. जन्माआधीच औषध!

पण खरं लिहायचं तर परवा सबंध दुपार माझ्या मनात एकच होतं. पुन्हा तो मे महिना नको. मी नाही सहन करू शकणार. काढून टाकू. हे मी कुणाला बोलले नाही.

आज जेवताना मी भूपेंद्रला विचारलं, तुम्हाला काय वाटतं. माझ्या बसवलेल्या दातांच्या त्या दिवसापासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो. त्यांनी घास खाली ठेवला. "मामा अठ्ठावन्न वर्षं जगून राहिला, बिना कागदाचा. आपल्याजवळ तं कागद आहे." मग थोड्या वेळाने, "दातांचं मले सांगितलं असतं तरी मी लग्न केलं असतं. पण तुले तसं वाटलं नाही, याचं वाईट वाटून राहिलं."

मी बाळाला ठेवायचं म्हणाले. सासूबाई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले. धूर झाला होता.

१९ जानेवारी

दिवस भरत आहेत. डॉक्टरांनी हिंदीत एक कागद करून दिला आहे, कोणत्याही दवाखान्यात दाखवायला: या बाळाला घाम येत नाही. ताप आला तर आधी अंग भिजवा, वारा घाला, मग कारण शोधा. मी त्याच्या सहा झेरॉक्स काढल्या. मामाने फोनवरून सूचना दिल्या: बर्फ नको, मडक्याचं पाणी, कपडा ओला केला तर पंखा पाहिजेच, नाही तर उपयोग नाही. हे नेमकं डॉक्टरांच्या कागदातही आहे.

१७ मार्च, नागपूर

मुलगा झाला. कुणाल.

अंगावरची कातडी पापुद्र्यासारखी सुटत होती, डोळ्यांभोवती म्हाताऱ्यासारख्या बारीक सुरकुत्या. नर्सबाई त्याला गरम दिव्याखाली ठेवायला निघाल्या, सगळ्यांना ठेवतात तसं. डॉक्टर करुणा तिथेच होत्या, म्हणाल्या, "दिवा बंद. याचं तापमान दर पंधरा मिनिटांनी." त्या एका वाक्यासाठी आम्ही ऑक्टोबरपासून येरझारा घालत होतो, हे मला तेव्हा समजलं.

त्याने जांभई दिली. तेच तोंड. मी ओळखलं त्याला.

२२ एप्रिल

रात्री लिहायला बसले.

चव्वेचाळीस डिग्री. अकराला लाइट गेली. कूलर बंद. इन्व्हर्टर एक वाजेपर्यंत चालला. भूपेंद्र बोरगावला. मी कुणालला ओल्या मलमलीत ठेवून पुठ्ठ्याने वारा घालत होते, तरी दीड वाजता थर्मामीटर एकशे दोन. वीस मिनिटांनी एकशे तीनच्या वर. तो रडायचा थांबला. मयूरही असाच आधी रडायचा थांबला होता.

सगळं पाठ होतं मला. सहा झेरॉक्स होत्या. आणि माझे हातपाय हलेनात. मी नुसती त्याच्या तोंडाकडे पाहत उभी.

सासूबाईंनी त्याला माझ्या हातातून घेतलं. मला वाटलं आता छातीशी धरून पदरात गुंडाळतील. मी "आई, नको" म्हणाले. त्या थेट मागच्या अंगणात गेल्या आणि लुगड्यासकट पाण्याच्या टाक्यात उतरल्या. साठ वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून जी पायरीही धरून उतरते. कुणालला छातीवर आडवा घेऊन मानेपर्यंत पाण्यात, डोकं तळहातावर, दुसऱ्या हाताने त्याच्या टाळूवर थेंब थेंब पाणी. टाकं आंब्याच्या सावलीत आहे, पाणी गार होतं. "उभी काय राह्यली? वारा घाल!" माझे हात तेव्हा सुटले.

एकशे एक. मग शंभर. मग नव्याण्णवच्या जवळ. मग त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि एवढ्या जोरात रडला की शेजारचे दारात आले. असं रडणं मी जन्मात ऐकलं नाही. सासूबाई पाण्यात बसून त्याच्याबरोबर रडत होत्या.

फोन लागल्यावर डॉक्टरांनी इथल्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं. दाखवलं. सगळं ठीक आहे. तिथल्या डॉक्टरांनी कागद वाचला, परत पहिल्यापासून वाचला, आणि एक प्रत ठेवून घेतली.

२३ एप्रिल

आज दुपारी लाइट आहे. तरी सासूबाई कुणालपाशीच बसून. मी भाजी निवडत होते. त्यांनी एकदम विचारलं, "मयूरलेही असंच वाचवता आलं असतं ना?"

रिपोर्टच्या त्या दिवसानंतर त्यांनी ते नाव घेतलं नव्हतं.

मी म्हटलं, "आपल्याला माहीत नव्हतं, आई."

"तुह्या मामाले माहीत होतं."

खोटं बोलवेना. मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. मग त्या बोलायला लागल्या. मयूरचे शेवटचे दोन तास, त्या त्याच्याशी काय बोलत होत्या, आपल्या हातांनी काय केलं, सगळं. मी नोव्हेंबरपासून त्यांच्याबद्दल काय काय समजत होते! ते सगळं इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

बोलून झाल्यावर त्यांनी कुणालच्या अंगावरचं फडकं चाचपलं. सुकत आलं होतं. मी उठायला लागले तर त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं.

"तू थोडी पड," म्हणाल्या. "आता माही पाळी आहे."